मोकळा माणूस पाठवा

पंचायत समितीत प्रशिक्षणाचं पत्र येतं ते बहुतेक वेळा आदल्या दिवशी दुपारी. ‘उद्या सकाळी दहा वाजता दोन कर्मचारी न चुकता उपस्थित ठेवावेत.’ आस्थापनेचा लिपिक पत्र घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जातो आणि आतून आवाज येतो, ‘‘मोकळं कोण आहे बघा, त्याला पाठवा.’’ घरकुलाचं टेबल सांभाळणारी बाई मोकळी नसते, तिला त्याच दिवशी व्हीसीला, म्हणजे वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीला, आकडे द्यायचे असतात. लेखा विभागातला मोकळा नसतो, मग मार्च असो की जुलै. मोकळा असतो तो चार महिन्यांनी निवृत्त होणारा, किंवा ज्याच्याकडे काम द्यायलाच सगळे कचरतात असा एखादा. हे दोघे जिल्ह्याच्या ठिकाणी जातात, हजेरीपटावर सही करतात, फोल्डर आणि पेन घेतात, जेवतात, आणि चहानंतरच्या सत्रात मागच्या रांगेतून उठून साडेचारची एसटी गाठतात. अहवालात दोन कर्मचारी प्रशिक्षित होतात.

हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. जिल्हा परिषदेच्या नोकरीत मी तीन दशकं काढली, त्या मागच्या रांगेत बसलो आणि साडेचारची एसटीही पकडली. निवृत्तीनंतर आता अधूनमधून अशाच वर्गांवर बोलायला जातो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या माणसांना घडवण्याचा प्रश्न आपण चुकीच्या खोलीत सोडवायला बसलो आहोत. माणूस टेबलावर घडतो. त्याला टेबलावरून उठवून सभागृहात नेलं म्हणजे तो शिकतो, आणि शिकला की संस्थेशी बांधला जातो, अशी आपली समजूत आहे. उलट, टेबलावर शिकण्याची जी जुनी सोय होती ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोडत गेली, आणि ती मोडली तशी कामातली आपुलकीही गेली.

कागदावर काही कमी नाही. पुण्याला बाणेर रस्त्यावर यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. राज्याचं प्रशिक्षण धोरण 2011 मध्ये आलं, त्यात नोकरीच्या सुरुवातीला आणि पदोन्नतीनंतर प्रशिक्षणाची कल्पना आहे. नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांसाठी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 पासून काम करते, तिची एलएसजीडी ही स्थानिक स्वराज्याची पदविका घेतलेले कितीतरी लोक आजही नगरपरिषदांत आहेत. केंद्राच्या 2012 च्या प्रशिक्षण धोरणात तर पगारावर होणाऱ्या खर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असं सुचवलं होतं. 2020 मध्ये केंद्राचा मिशन कर्मयोगी हा प्रशिक्षण कार्यक्रम आला आणि मोबाइलवरच अभ्यासक्रम मिळू लागले. ‘नियमांवर नव्हे तर भूमिकेवर आधारलेलं प्रशिक्षण’ हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण कचेरीत तो पोहोचला तो ‘प्रत्येकाने इतके कोर्स पूर्ण करावेत’ अशा तक्त्याच्या रूपात. एका खिडकीत आवाज बंद करून व्हिडिओ चालू आणि दुसऱ्या खिडकीत पगारबिलं, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या माणसाला मी दोष देणार नाही. पगारबिल अडलं असतं तर दीडशे शिक्षक त्याच्या दारात आले असते, कोर्स अडला असता तर फक्त एक लाल रकाना वाढला असता.

मग आम्ही शिकलो कसं?

माझ्या पहिल्या ऑफिसात एक वरिष्ठ सहायक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी लिहिलेली टिपणी ते वाचायचे आणि समासात शिसपेन्सिलीने खुणा करायचे. शाईने कधीच नाही. ‘‘शाईने केलं की तुझी चूक दप्तरात राहते, पेन्सिलीने केलं की तुझ्या डोक्यात राहते,’’ असं म्हणायचे. सहा गठ्ठे कसे बांधायचे ते त्यांनी शिकवलं. चालू प्रकरणं वेगळी, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी वेगळी, नियतकालिकं वेगळी, स्थायी आदेशांची संचिका वेगळी, अभिलेख कक्षात पाठवायची वेगळी आणि नष्ट करायची वेगळी. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण चालू फाईल आणि वाट पाहणारी फाईल एका गठ्ठ्यात पडली की महिनाभराने कोणालाच सांगता येत नाही की काम आपल्यामुळे अडलं आहे की दुसऱ्यामुळे. निम्मी दिरंगाई तिथेच जन्म घेते.

त्यांनी शिकवलेली खरी गोष्ट मात्र वेगळीच. एका मयत प्राथमिक शिक्षकाच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण माझ्याकडे होतं. सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंद साक्षांकित नव्हती, म्हणून मी त्रुटी काढून फाईल परत पाठवली. नियमाने बरोबर होतं. अण्णांनी फाईल पाहिली, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या बाई चौकशीला आल्या तेव्हा त्यांना माझ्या टेबलासमोर बसवलं आणि मला म्हणाले, ‘‘त्रुटी काय आहे ते मावशींना समजावून सांग.’’ मी सांगायला लागलो. साक्षांकन म्हणजे काय, ते कोणी करायचं असतं. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की ते करायचं होतं आमच्याच ऑफिसने, अकरा वर्षांपूर्वी, आणि मी आमची चूक त्या बाईंच्या पदरात टाकत होतो. त्या दिवशी संध्याकाळी मी जुनी पगारपत्रकं काढली, पडताळणी केली, आणि दोन दिवसांत साहेबांची सही झाली. ‘नागरिककेंद्री प्रशासन’ या विषयावर मी नंतर बरीच भाषणं ऐकली, एक-दोन दिलीही. त्या अर्ध्या तासाची सर कोणत्याच भाषणाला आली नाही.

व्यवस्थापनशास्त्रात बांधिलकीचे तीन प्रकार सांगतात. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी 1991 मध्ये ही मांडणी केली. एक बांधिलकी मनाची: हे काम माझं आहे म्हणून मी इथे आहे. दुसरी नाइलाजाची: सोडून गेलो तर नुकसान आहे म्हणून मी इथे आहे. तिसरी ऋणाची: या संस्थेने मला वाढवलं, तिला सोडणं बरं नाही, म्हणून मी इथे आहे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत दुसऱ्या प्रकारचा सुकाळ आहे, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. लोक नोकरी सोडत नाहीत म्हणजे ती त्यांना प्रिय आहे असं नव्हे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही, तेव्हा या नाइलाजाच्या गाठीचा एक पीळही सुटला. मार्च 2023 च्या संपात सात दिवस कचेऱ्या ओस पडल्या त्या याच प्रश्नावर. पेन्शनची मागणी योग्य की अयोग्य हा वेगळा लेख होईल. मला एवढंच दिसलं की निष्ठेचा हिशोब पैशावर मांडून ठेवला की भांडणही पैशाचंच होतं. मनाची आणि ऋणाची बांधिलकी कुठून येते, तर कोणीतरी शेजारी बसून शिकवलेलं असतं तिथून. अण्णांचं माझ्यावर ऋण आहे, आणि त्यांच्यामुळे त्या ऑफिसचं.

आता अण्णांच्या जागी कोण आहे ते पाहू. जिल्हा परिषदांच्या मोठ्या भरतीची जाहिरात 2019 मध्ये निघाली. उमेदवारांनी शुल्क भरलं, अर्ज केले आणि ती भरती झालीच नाही. पुन्हा जाहिरात आली ती ऑगस्ट 2023 मध्ये, 34 जिल्हा परिषदांसाठी 19,460 पदांची. मधली वर्षं लोक निवृत्त होत राहिले. एका टेबलाचा माणूस दुसऱ्या टेबलाचा ‘प्रभारी’ झाला, मग तिसऱ्याचाही. प्रभारी माणूस टपाल हलवतो, काम शिकत नाही, आणि शिकवायला तर त्याला सवडच नसते. आता नवी मुलं-मुली आली आहेत. हुशार आहेत, ऑनलाइन परीक्षा पार करून आलेली आहेत, कितीतरी जण अभियंते आहेत. ती टेबलावर बसतात तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असते. जिला दहा वर्षांचा अनुभव असायला हवा होता ती मधली फळीच कमी आहे. पन्नाशी उलटलेला एक आणि पंचविशीतला एक, मध्ये कोणी नाही. पंचविशीतला मग युट्यूबवर सेवापुस्तक कसं लिहायचं ते बघतो. खरं सांगतो, काही व्हिडिओ चांगले आहेत.

ग्रामपंचायतीत याहून विचित्र स्थिती आहे. एका ग्रामसेवकाकडे, म्हणजे 2024 पासून ज्या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं त्याच्याकडे, दोन-तीन गावं असणं नवलाचं नाही. त्याने नमुना 1 ते 33 या ठरलेल्या नोंदवह्या सांभाळायच्या, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली करायची, ग्रामसभा घ्यायच्या, विकास आराखडा करायचा आणि तो ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर चढवायचा. प्रशिक्षण त्यालाच मिळतं. प्रत्यक्ष संगणकावर बोटं चालतात ती बहुतेक गावांत संगणक परिचालकाची. त्याचा दाखला, त्याची नोंद, त्याचाच पासवर्ड. हा परिचालक ग्रामपंचायतीचा कर्मचारी नाही, जिल्हा परिषदेचा नाही, शासनाचा तर नाहीच. योजनेचं नाव संग्राम होतं, मग आपले सरकार सेवा केंद्र झालं, मधली कंपनी बदलली, तो मात्र मानधनावरच राहिला आणि ते मानधन वेळेवर मिळावं म्हणून आझाद मैदानावर जाऊन बसला. मी एका वर्गात विचारलं होतं, आराखडा कोणी कोणी स्वतः अपलोड केला आहे? चाळीसातले पाच-सहा हात वर आले. उरलेल्यांच्या वतीने ज्यांनी काम केलं ते त्या सभागृहात नव्हते, कारण प्रशिक्षणार्थींच्या यादीत त्यांचं नाव असूच शकत नाही. आपण शिकवतो एकाला, राबवतो दुसऱ्याला, आणि बांधिलकीची अपेक्षा दोघांकडून करतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सरकारी नोकरांचे लाड पुरे झाले. सातवा वेतन आयोग मिळाला, पाच दिवसांचा आठवडा मिळाला, आता काम करा. खिडकीसमोर तासभर उभ्या राहिलेल्या माणसाचा हा राग खोटा नाही. जेवणाची सुट्टी संपून अर्धा तास झाला तरी रिकामी असलेली खुर्ची मलाही दिसते, आणि ‘साहेब फिरतीवर आहेत’ याचा अर्थ मला इतरांपेक्षा जरा जास्तच कळतो. पण पगार वाढवून काम सुधारत नाही हे ज्यांना कळतं, त्यांना पगारावर टोमणे मारूनही ते सुधारत नाही हे कळायला हवं. जिथे सुधारलं तिथे काय झालं होतं?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची घडी बदलली. अभिलेख लावून घेतले, बसण्याची रचना बदलली, नागरिकांना एका ठिकाणी उत्तर मिळेल अशी सोय केली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत ऐकू येत राहिलं. त्यात परदेशी काही नव्हतं, यंत्रही नव्हतं. लिपिकाला त्याच्याच टेबलाची जाण आणून देणं हा त्याचा गाभा होता. 2017 मध्ये पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची मोहीम, आणली तेव्हाही सुरुवात त्याच सहा गठ्ठ्यांपासून झाली. धूळ खात पडलेले कागद निकाली निघाले, कपाटं रिकामी झाली, गठ्ठ्यांमागची खिडकी दिसू लागली. त्या काळात मी लोकांना सुट्टीच्या दिवशी ऑफिसात येऊन गठ्ठे लावताना पाहिलं आहे, आणि कुरकुर करत का होईना, झालेल्या कपाटाचे फोटो घरी दाखवताना पाहिलं आहे. त्याआधी 2000-01 मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा ग्रामसेवक पहाटे गावात हजर असायचे. तेच ग्रामसेवक आणि तोच पगार. फरक इतकाच होता की आपण केलेलं काम संध्याकाळी डोळ्यांना दिसत होतं आणि तालुक्यात त्याची चर्चा होत होती.

या तिन्ही ठिकाणी शिकणं कामातच होतं. तिन्हींची मर्यादाही एकच: साहेब बदलले की उतरती कळा. म्हणजे उत्साह संस्थेचा झाला नाही, साहेबांचाच राहिला.

संस्था आपल्या माणसाला पहिल्या वर्षी काय शिकवते, याचं एक उदाहरण सांगतो. ग्रामीण भागात नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं असा नियम आहे, आणि घरभाडे भत्त्यासाठी तो तिथे राहतो असा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. कर्मचारी तालुक्याच्या गावी राहतो हे सरपंचाला माहीत असतं, ग्रामसभेला माहीत असतं, ठराव तपासणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याला माहीत असतं, कारण तोही बहुधा जिल्ह्याच्या गावी राहतो. तरी ठराव होतो आणि लागतो. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी नोकरीला लागते आणि पहिल्या काही महिन्यांत तिला शिकवलं जातं की इथे खरं असण्यापेक्षा कागद असणं महत्त्वाचं. त्यानंतर तिला ‘प्रशासनातील नैतिकता’ या विषयाच्या दोन दिवसांच्या वर्गाला पाठवायचं! गावात राहण्याजोगं घर नसेल, मुलांना शाळा नसेल, तर नियम बदलावा. राहणं खरंच गरजेचं असेल तर घर बांधावं. पण सगळ्यांनी मिळून खोटं बोलायचं आणि त्यावर नोकरीचा पाया घालायचा, यातून निष्ठा कुठून येणार?

काय करावं याबद्दल माझ्याकडे मोठा आराखडा नाही. आराखडे करणाऱ्या समित्या पुष्कळ झाल्या. एका जागी मात्र बोट ठेवतो, ती म्हणजे चार्ज देणं-घेणं.

दर वर्षी मे महिन्याच्या आसपास बदल्या होतात, टेबलं बदलतात. एका माणसाने एका टेबलावर मुरून बसू नये म्हणून हे गरजेचं आहे, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण चार्ज कसा दिला जातो? एक यादी होते: संचिका इतक्या, नोंदवह्या इतक्या, शिक्के दोन, कपाटाची किल्ली एक. दोघांच्या सह्या होतात आणि जाणारा त्याच दिवशी कार्यमुक्त होतो. कोणत्या फाईलमध्ये न्यायालयाची तारीख आहे, कोणता ठेकेदार अनामत परत मागतो आहे आणि ती का देऊ नये, कोणत्या शाळेच्या जागेच्या वादात कागद कुठे दडला आहे, यातलं काहीच यादीत नसतं. तीन वर्षांचं शहाणपण झोळीत घालून माणूस निघून जातो आणि नवा माणूस शून्यापासून सुरुवात करतो. सहा महिने तो नागरिकांना ‘मी नवीन आहे’ सांगतो. ते खोटं नसतं. विधिमंडळाच्या पंचायतराज समितीचा दौरा लागला किंवा लोकल फंडाचं ऑडिट आलं की मग जुन्या माणसाला फोन होतात, ‘‘भाऊ, ती अठरा सालची फाईल कुठे ठेवली होती?’’ आणि भाऊ आता शंभर किलोमीटरवर दुसऱ्या टेबलावर स्वतःच नवीन असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रशिक्षणाच्या पैशातला आणि दिवसांतला मोठा वाटा या जागी वळवा. बदलीनंतर पाच कामाचे दिवस जाणारा आणि येणारा एकाच टेबलावर बसतील, आणि त्या पाच दिवसांची नोंद प्रशिक्षण म्हणून सेवापुस्तकात होईल. जाणाऱ्याने त्या टेबलाची एक वही लिहावी, साध्या मराठीत, आणि ती चार्ज यादीत पहिल्या क्रमांकावर असावी. जिथे जाणारा उरलाच नाही, पद वर्षानुवर्षं रिकामं होतं, तिथे निवृत्तांना बोलवावं. केरळात 1996 च्या लोकनियोजन मोहिमेत निवृत्त अभियंते आणि अधिकारी गावोगाव आराखडे तपासायला, माणसं तयार करायला स्वेच्छेने उतरले होते. आपल्याकडे निवृत्त कक्ष अधिकारी आणि लेखाधिकारी प्रत्येक तालुक्याला आहेत, सकाळी फिरायला जातात आणि कट्ट्यावर जुन्या ऑडिटच्या गोष्टी सांगतात. त्यांना आठवड्यातून दोन दिवस प्रवासखर्च देऊन नव्या माणसाच्या शेजारी बसवलं तर सभागृहाच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल. फक्त त्यांच्या हातात सही आणि शिक्का देऊ नका, पेन्सिल द्या.

आणि परिचालकांना यादीत घ्या. नोकरीत घेण्याचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पण वर्गात बसायला शासन निर्णयाची वाट का पाहायची?

आक्षेप मला माहीत आहे. पाच दिवस दोन माणसं एका टेबलावर बसली तर दुसरं टेबल पाच दिवस रिकामं राहील, आधीच माणसं कमी आहेत. राहील. आज ते सहा महिने रिकामं असल्यासारखंच असतं, फक्त खुर्चीत कोणीतरी बसलेलं दिसतं. शंका असेल तर एका जिल्हा परिषदेने एका तालुक्यात, फक्त आस्थापना, लेखा आणि घरकुल या तीन टेबलांवर, येत्या मे महिन्यातल्या बदल्यांच्या वेळी हे करून बघावं. ऑक्टोबरमध्ये त्या तीन टेबलांवरची प्रलंबित प्रकरणं मोजावीत आणि शेजारच्या तालुक्याची मोजावीत.